पर्यायी मजकूर

"गॉगल लावा की मॅडम जरा," फोटोग्राफर म्हणाला. "म्हणजे बघणाऱ्याला लगेच कळतंय."

"काय कळतंय?"

कॅमेऱ्याच्या पट्ट्याची कडी कशावर तरी आपटली.

"नाही, म्हणजे तुमचं ते... डोळे एकदम नॉर्मल दिसालेत तुमचे. फोटोत काही कळायचंच नाही."

"मग नको कळू दे."

माझ्या मागे निहाल हसला. "दादा, काढा तसाच. ही ऐकायची नाही. आम्ही सगळे हरलोय."

"अहो, पण मोठ्या मॅडमनीच सांगितलंय, गॉगल आणि ती पांढरी काठी हातात पाहिजे म्हणून."

"काठी दाराजवळच्या कोपऱ्यात आहे," मी म्हणाले. "टेबलाशी बसून काम करताना मी ती हातात धरत नाही. तुम्ही छत्री धरून जेवता का?"

आमचं ऑफिस कोल्हापुरात राजारामपुरीत, एका झेरॉक्सच्या दुकानावर होतं. साखर कारखाने, पतसंस्था, कॉलेजं यांच्या वेबसाइट आम्ही करायचो. त्या वर्षी कंपनीने नवं काम हाती घेतलं होतं. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा माउस धरता येत नाही, अशांनाही वापरता येतील अशा, म्हणजे 'सुगम्य', वेबसाइट करायच्या. प्रत्येक साइट आधी मी माझ्या संगणकावर वापरून बघायची आणि मी 'चालते' म्हटल्याशिवाय ती पुढे जायची नाही. या नव्या कामाची जाहिरात आमच्या स्वतःच्या साइटच्या पहिल्या पानावर करायची होती, म्हणून हा फोटो.

मोठ्या मॅडम, म्हणजे उर्मिला घाटगे, केबिनमधून बाहेर आल्या. त्यांच्या सँडलचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जोरात वाजायचा.

"काय चाललंय, पद्मजा? त्याला फोटो काढू दे की."

"मॅडम, माझ्या दोन अटी आहेत. गॉगल नाही. आणि फोटोवर अंधार, प्रकाश, जिद्द, मात असलं काही लिहायचं नाही. माझं नाव आणि मी काय काम करते, एवढंच."

"अगं, जाहिरात आहे ती, बायोडेटा नाही."

"नाहीतर फोटो नको."

मॅडम हसल्या. "बरं बाई. तुझ्या मनाविरुद्ध काही होणार नाही. बॅनर निहालच करणार आहे. त्याच्यावर तरी विश्वास आहे ना?"

"त्याच्यावर आहे," मी म्हणाले.

फोटो निघाला. टेबल, कीबोर्ड, कानात इअरफोन, अंगात निळा कुर्ता. कुर्ता निळा आहे हे मला माहीत होतं, कारण खिशाच्या आत मी एक गाठ शिवली होती. निळ्याला एक, हिरव्याला दोन.

अटी घालण्यामागे कारण होतं. बी.एस्सी.ला मी गणितात विद्यापीठात पहिली आले, तेव्हा एका पेपरने माझा फोटो छापला. मथळा होता 'अंधारावर मात'. बाबांनी ती बातमी मला पूर्ण वाचून दाखवली. मी कधी आंधळी झाले, बाबा एसटीच्या वर्कशॉपला नोकरी करत, आई पहाटे किती वाजता उठते, सगळं होतं. मी कुठल्या विषयात पहिली आले ते नव्हतं. ती बातमी घरात कुणी कापून ठेवली नाही.

निहाल शिंत्रे कागलचा. माझ्याच वयाचा. पानं कशी दिसावीत ते तो ठरवायचा, चित्रं तो करायचा. आमची टेबलं समोरासमोर होती आणि आमचं काम एकमेकांवाचून अडायचं. ते कसं, हे सांगायला हवं.

माझा संगणक स्क्रीनवरची अक्षरं मला वाचून दाखवतो. चित्र मात्र त्याला वाचता येत नाही. चित्रात रंगवलेली अक्षरंसुद्धा त्याच्या लेखी चित्रच. एका कॉलेजने प्रवेशाची शेवटची तारीख फुलांच्या चौकटीत रंगवून टाकली होती आणि न बघणाऱ्या कुणालाही ती समजली नाही. म्हणून प्रत्येक चित्राच्या मागे एक-दोन ओळी लिहून ठेवायच्या असतात. डोळसांना त्या दिसत नाहीत, माझा संगणक त्याच वाचतो. त्याला पर्यायी मजकूर म्हणतात. ऑफिसात आम्ही नुसतं 'ऑल्ट' म्हणायचो. चित्रात काय आहे ते ऑल्ट सांगतो, आणि ऑल्ट खरं बोलतोय की नाही, हे ज्याच्यासाठी तो लिहिला त्याला कधीच तपासता येत नाही.

हे मला पहिल्या आठवड्यातच खुपलं होतं. प्रयोगशाळेत नवं उपकरण आलं की आधी ते माहीत असलेल्या गोष्टीला लावून बघतात. मग मी निहाललाच लावून बघितलं. माझी नजर दहावीनंतर हळूहळू गेली. त्याआधीचा, पन्हाळ्याच्या सहलीचा एक फोटो माझ्या नजरेत पक्का आहे. तो मी निहालसमोर ठेवला आणि म्हणाले, "सांग, काय आहे?"

तो बराच वेळ बघत होता. मग तुटक तुटक सांगायला लागला. "मुली आहेत. दोन रांगा. मागं तटबंदी... नाही, थांब, तटबंदीचा कोपरा. एकीच्या हातात कणीस. डावीकडून तिसरी... तिची एक पापणी मिटलीय. बाकी सगळ्यांचे डोळे उघडे हैत."

डावीकडून तिसरी मी होते. त्या मिटलेल्या पापणीवरून मैत्रिणी वर्षभर चिडवत होत्या. इतर कुणीही असतं तर म्हणालं असतं, शाळेच्या मुली आनंदात उभ्या आहेत.

"पास," मी म्हणाले.

"कशात पास?"

"ते जाऊ दे. आजपासून ऑल्ट तू लिहायचे. एकच नियम. जे दिसतं ते लिहायचं, काय वाटावं ते लिहायचं नाही. रंग चालेल, आकडा चालेल. सुंदर, प्रसन्न, भव्य असलं एकही विशेषण नको."

"आणि बघणाऱ्याला चित्र खरंच सुंदर वाटलं तर?"

"तर तो त्याचा प्रश्न."

निहालने नियम इतका मनावर घेतला की एका साखर कारखान्याच्या साइटवरून आमच्यावर बोलणी खाण्याची वेळ आली. चेअरमनच्या फोटोला त्याने आधी लिहिलं होतं, 'चेअरमनसाहेब हसत आहेत.'

"हसतायत की दात दिसतायत?" मी विचारलं.

तो पुन्हा बघायला वाकला. खुर्ची कुरकुरली. "दात दिसालेत. हसू काय नाही."

"मग?"

त्याने लिहिलं, 'चेअरमनसाहेब, दात दिसत आहेत.' कारखान्याचा कुणी इंजिनिअर ऑल्ट उघडून बघेल असं आम्हाला कुठे माहीत होतं! मॅडमनी दोघांना केबिनमध्ये बोलावून झापलं. बाहेर आल्यावर निहाल कुजबुजला, "आता मॅडमचेपण दात दिसालते." आम्ही जिन्यात जाऊन पोट धरून हसलो.

इतकी सवय झाली होती मला त्याच्या डोळ्यांची. ऑफिसबाहेरही मी त्याला विचारायची. बसस्टॉपवर उभा असलेला माणूस माझ्याकडे बघतोय का? या पाकिटावर तारीख कुठली? नव्या चपलेचा रंग दुकानदाराने सांगितला तोच आहे का? तो उत्तर द्यायचा आणि मी ते दुसऱ्या कुणाला विचारून बघायची नाही. इतर सगळ्यांच्या बाबतीत बघायची.

बॅनर साइटवर चढलं त्या दिवशी निहालने टेबलावर टकटक केलं. "बघ की. पहिलं तूच टेस्ट कर."

मी पान उघडलं. संगणकाचा सपाट आवाज वाचू लागला. "ग्राफिक. पद्मजा मगदूम टेबलाशी बसल्या आहेत. दोन्ही हात कीबोर्डवर. कानात इअरफोन. निळा कुर्ता. चित्रावर मजकूर, पद्मजा मगदूम, सुगम्यता चाचणी."

मी ते पुन्हा ऐकलं. मग आणखी एकदा.

"काय, एखादं विशेषण सापडलं काय?" निहालने विचारलं.

"नाही."

"मग तोंड का असं केलंस?"

"चांगलं झालंय म्हणून," मी म्हणाले. "मॅडम ऐकतील असं वाटलं नव्हतं."

तो म्हणाला, "चहा आणतो," आणि उठून गेला. त्या वेळी मला त्यात काही वाटलं नाही.

संध्याकाळी मी त्या पानाची लिंक माझ्या जुन्या हॉस्टेलच्या मैत्रिणींना पाठवली. आम्ही सगळ्या न बघणाऱ्या. एकीने आवाजातला निरोप पाठवला, "पद्मे, तुझ्याबद्दल एवढं सरळ लिहिलेलं पहिल्यांदा ऐकलं गं. आमच्या बँकेच्या पुस्तिकेत माझ्या फोटोखाली 'दिव्यदृष्टी' लिहिलंय." सगळ्याजणींनी ते ऐकलं, तेच वाक्य, त्याच सपाट आवाजात.

त्यानंतरच्या रविवारी निपाणीहून मावशीचा फोन आला.

"जय जिनेंद्र, पद्मे! अगं बघितला की तुझा फोटो. आमच्या जयश्रीनं दाखवला मोबाइलवर. काय सांगू तुला, डोळ्यातनं पाणीच आलं."

"फोटो बघून पाणी?"

"फोटो छानच आलाय गं. गॉगल पण शोभतोय तुला, एकदम हिरॉईनगत. पण ते वरचं वाक्य वाचलं आणि भरून आलं बघ."

"कुठलं वाक्य, मावशी?"

"ते मोठ्या अक्षरातलं. पिवळं."

"माझं नाव आहे ना ते? आणि सुगम्यता चाचणी?"

"नाव कुठलं? नाव नाही त्यात. जयश्री, इकडं आण गं मोबाइल. थांब हं, वाचते. 'तिच्या डोळ्यांत अंधार, आमच्या कामात प्रकाश!' किती नेमकं लिवलंय बघ. कुणी लिवलं गं?"

मावशी पुढे बरंच बोलली. मी हं हं म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर माझ्या मनात आलं, तिने दुसरंच काही बघितलं असेल. मावशी जाड भिंगाशिवाय वाचत नाही, आणि जयश्रीने भलत्याच साइटवरचं भलत्याच मुलीचं चित्र दाखवलं असेल. एका निरीक्षणावर काही ठरवू नये असं मला शिकवलं होतं. मी संगणक लावून पान पुन्हा उघडलं. संगणक म्हणाला, निळा कुर्ता. संगणक म्हणाला, सुगम्यता चाचणी.

बाबा पुढच्या खोलीत बातम्या ऐकत होते. मी त्यांच्यासमोर मोबाइल धरला.

"बाबा, या चित्रात काय आहे?"

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मोबाइल हातात घ्यायला वेळ लावला.

"तू आहेस."

"आणखी?"

"बसलेली आहेस. संगणक आहे."

"मी गॉगल घातलाय?"

"हं."

"मी गॉगल घातला नव्हता, बाबा."

"फोटोत आहे बेटा. काळा."

"वर काय लिहिलंय?"

त्यांनी ते वाचलं. वर्कशॉपच्या भिंतीवरची सूचना वाचावी तसं, चढउतार न करता.

"तुम्ही हे आधी बघितलं होतं," मी म्हणाले.

"शेजारच्या भोसल्यांनी दाखवलं होतं. मला वाटलं, तुला विचारूनच केलं असणार. तू काही बोलली नाहीस म्हणून मीपण..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मोबाइल माझ्या हातात देताना त्यांनी माझी बोटं थोडी जास्त वेळ धरली.

सोमवारी मी ऑफिसात नेहमीसारखी गेले. काठी कोपऱ्यात ठेवली. निहालने "काय गं, रविवार कसा गेला?" विचारलं, मी "मजेत" म्हणाले. बाबांच्या तोंडून ऐकूनही माझ्यात कुठेतरी एक जागा शिल्लक होती. चित्र मॅडमनी दुसऱ्या कुणाकडून बदलून घेतलं असेल. निहालला ठाऊकच नसेल. ऑल्ट जुन्या चित्राचा तसाच राहून गेला असेल. असं होतं, आमच्याकडे वारंवार व्हायचं. पडताळून बघायची एकच पद्धत मला ठाऊक होती. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असा प्रश्न विचारायचा.

"निहाल, होमपेज उघड. बॅनरवर काय दिसतंय सांग."

"आता आणि कशाला? टेस्ट झालंय की ते."

"सांग तरी."

माउसचं एक क्लिक झालं. मग तो म्हणाला, "पद्मजा मगदूम टेबलाशी बसल्या आहेत. दोन्ही हात कीबोर्डवर. कानात इअरफोन. निळा कुर्ता. वर तुझं नाव आणि सुगम्यता चाचणी."

एकदाही न अडखळता. खुर्ची कुरकुरली नाही, म्हणजे तो पुढे वाकलासुद्धा नव्हता. चित्र बघून सांगताना निहाल असा कधीच बोलत नसे.

"डोळे?"

"डोळे... उघडे. स्क्रीनकडं."

"नीट बघून सांगतोयस ना?"

"हो की."

"पन्हाळ्याच्या फोटोत डावीकडून तिसऱ्या मुलीचं काय होतं?"

"पापणी मिटलेली. तूच होतीस ना ती?"

"ते का सांगितलंस मला तेव्हा?"

"का म्हणजे? मिटलेली होती म्हणून."

"मग गॉगल का सांगत नाहीस?"

खालच्या दुकानातलं झेरॉक्स मशीन एकसारखं कागद ओढत होतं.

"कुणी सांगितलं तुला?" त्याने विचारलं.

"ज्यांना दिसतं त्यांनी. म्हणजे जवळजवळ सगळ्यांनी."

"पद्मा, ऐक. मी पहिलं बॅनर तुझ्या म्हणण्याप्रमाणंच केलं होतं. शप्पथ. मॅडमनी तीनदा परत पाठवलं. मी भांडलो त्यांच्याशी. त्या म्हणाल्या, तू करत नसशील तर बाहेरून करून घेते. मग म्हटलं बाहेरचा माणूस आणखी काय करून ठेवील..."

"गॉगल तू चढवलास?"

"हो."

"कुणाचा आहे?"

"इंटरनेटवरचा."

"आणि ऑल्ट?"

त्याचा माउस टेबलावर सरकला.

"चित्र मॅडमनी करायला लावलं, समजलं. ऑल्ट तसा का लिहिलास?"

"तुला त्रास होऊ नये म्हणून," तो म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. "चित्र तर बदलणार नव्हतंच. मग निदान तुला तरी ते ऐकायला लागू नये. तू किती खूश झालीस ऐकून, मी बघितलं की. म्हटलं, तेवढं तरी..."

"म्हणजे मी खूश होत असताना तू समोर बसून गॉगल बघत होतास."

"असं बोलू नकोस की गं."

"चित्रात काय दिसतंय तेच बोलतेय मी."

मी उठून केबिनमध्ये गेले. मॅडम बाहेर जायच्या गडबडीत होत्या. पर्सची चेन लागल्याचा आवाज आला.

"मॅडम, ते बॅनर काढा."

"बस, पद्मजा. कुणी सांगितलं तुला?"

दोघांनी पहिला प्रश्न तोच विचारला होता.

"तुम्ही मला शब्द दिला होता."

"दिला होता. आणि पहिलं बॅनर तसंच करून चार लोकांना दाखवलं. लोक म्हणायला लागले, ही मुलगी कोण, रिसेप्शनिस्ट का? कुणाला काही कळेचना. आता दोन नगरपालिका बोलणी करतायत. आणखी कामं आली तर तुझ्यासारख्या दोघा-तिघांना घेता येईल. ते तुला नको आहे का?"

"हवं आहे. गॉगल न घालता."

"जगाला गॉगलच कळतो, बाळ. मी काय करू? आणि तुझं मन दुखू नये म्हणून आम्ही कमी का काळजी घेतली? ते तुमचं ऑल्ट तसंच ठेवायचं हे निहालच्याच डोक्यातून आलं. मला तर असलं काही सुचलंही नसतं. मी म्हटलं, बघ, किती जीव आहे पोराचा तुझ्यावर." त्या दारापर्यंत गेल्या. "दोन महिने राहू दे. मग बदलू. मी सांगलीला निघालेय, उद्या बोलू."

सँडल जिन्यावरून उतरली. एक पाय जोरात, एक हळू.

मी टेबलाशी येऊन बसले. निहाल समोरच होता. त्याच्या श्वासावरून कळत होतं.

"पद्मा. बोल की काहीतरी. शिव्या घाल."

मी संगणकावर आमचं रोजचं पान उघडलं. चुका आम्ही तोंडी सांगत नसू. साइटमध्ये सापडलेली प्रत्येक चूक तिथे लिहायची, ज्याने दुरुस्त करायची त्याचं नाव घालायचं. आम्ही त्याला 'बग टाकणं' म्हणायचो. मी लिहिलं, 'पान : होमपेज. जागा : मुख्य बॅनर. अपेक्षित : पर्यायी मजकूर चित्राशी जुळावा. प्रत्यक्ष : जुळत नाही. गांभीर्य : सर्वात जास्त.' दुरुस्ती करणाऱ्याच्या जागी निहाल शिंत्रे घातलं.

त्याच्या संगणकावर टिंग वाजलं. तो वाचत होता.

"हे काय, पद्मा?"

"बग."

"काय करू मी नेमकं?"

"त्यात लिहिलंय."

हा बग दोन प्रकारे मिटत होता. एक, चित्र ऑल्टसारखं करायचं. गॉगल नसलेली मूळ फाइल त्याच्याकडेच होती, साइटचा पासवर्ड त्याच्याकडे होता, मॅडम सांगलीच्या वाटेवर होत्या. दुसरा प्रकार मी मनातसुद्धा नीट उच्चारला नाही. कुठला निवडायचा ते मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. मागच्या वेळी त्याला न सांगता घेतलेली परीक्षा तो पास झाला होता.

जेवणाची सुट्टी झाली. मी डबा उघडला नाही. समोरून कीबोर्डचा आवाज येई, थांबे, पुन्हा येई. एकदा तो फोन घेऊन जिन्यात गेला आणि हळू आवाजात कुणाशी तरी बोलून आला. नंतर खुर्ची कुरकुरली. तो पुढे वाकून बघत होता, जुन्या पद्धतीने, बराच वेळ. मला वाटलं, आता करतोय तो. आता काढतोय.

माझ्या संगणकावर टिंग वाजलं. 'बग दुरुस्त. पडताळणीसाठी : पद्मजा मगदूम.'

मी कानात इअरफोन घातले आणि पान उघडलं.

"ग्राफिक," संगणक म्हणाला. "पद्मजा मगदूम टेबलाशी बसल्या आहेत. दोन्ही हात कीबोर्डवर. कानात इअरफोन. निळा कुर्ता. काळा गॉगल. डोळे दिसत नाहीत. पांढरी काठी टेबलाला टेकवलेली. मागे उर्मिला घाटगे उभ्या आहेत. त्यांचा उजवा हात पद्मजा मगदूम यांच्या खांद्यावर. चित्रावर मजकूर, पिवळ्या अक्षरांत, तिच्या डोळ्यांत अंधार, आमच्या कामात प्रकाश, उद्गारचिन्ह."

वर्णनात एकही विशेषण नव्हतं. रंग होते, तेवढेच.

"पद्मा?" निहाल म्हणाला. "झालं?"

मी इअरफोन काढले. काठीचं आणि हाताचं मला कुणी सांगितलं नव्हतं. मावशी रडण्याच्या भरात विसरली असेल. मी घरी फोन लावला.

"बाबा, एक विचारू? त्या चित्रात माझ्या खांद्यावर हात आहे?"

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"बाबा?"

"आहे," ते म्हणाले.

"आणि काठी?"

"आहे बेटा."

"बरं."

पडताळणीच्या रकान्यात मी लिहिलं, 'तपासलं. मजकूर चित्राशी जुळतो.' आणि बग बंद केला. टिंग समोरच्या टेबलावर वाजलं. निहालने सोडलेला श्वास मला स्पष्ट ऐकू आला. सुटल्यासारखा. त्याला वाटलं असावं, आता सगळं मिटलं.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी अजून हेच काम करते, पुण्यात, दुसऱ्या कंपनीत. कुठल्याही चित्राचं वर्णन आलं की दोन माणसांना विचारते, आणि ती दोघं एकमेकांना ओळखत नसतील असं बघते. नव्या पोरांना वाटतं, मी फार काटेकोर आहे.

त्या दिवशी मी संगणक बंद केला, डबा तसाच पिशवीत घातला आणि दाराजवळच्या कोपऱ्यात हात नेला. काठी जागेवर नव्हती. भिंतीवरून खालपर्यंत चाचपलं, फरशीवर हात फिरवला.

"थांब, थांब, देतो," निहाल घाईघाईने उठला. "इकडं माझ्या टेबलाला टेकवलीय. बॅनर करताना रंगाचा नमुना बघायला घेतली होती गं एकदा... आज बग वाचल्यावरपण घेतली. पट्टे कुठनं कुठंपर्यंत आहेत ते ऑल्टमध्ये घालावं काय, ते बघत होतो."

त्याने काठी माझ्या हातात दिली. मुठीला त्याच्या हाताची ऊब होती.

"घातलंस का?" मी विचारलं.

"काय?"

"पट्टे."

"नाही," तो म्हणाला. "चित्रात दिसत नाहीत ते."

मी जिना उतरले.